ज्येष्ठमधाची परीक्षा

बेळगाव, बडोदा, इंदूर किंवा हैदराबाद येथील जुन्या पेठांतून फिरताना काष्ठौषधींचे एखादे दुकान हमखास दृष्टीस पडते. लाकडी खणांतून हिरडा, बेहडा, सुंठ, पिंपळी, वावडिंग भरून ठेवलेली असतात आणि त्यांच्या शेजारीच पिवळसर गाभ्याच्या तंतुमय काड्यांची जुडी असते. हेच ज्येष्ठमध, आयुर्वेदाच्या ग्रंथांतील यष्टीमधु. ते मागावयास येणारे ग्राहक साधारणतः तीन प्रकारचे असतात. एकाचा घसा बसलेला असतो. दुसऱ्याच्या पोटात जेवणानंतर काही वेळाने कुरतडल्यासारखे दुखू लागते. तिसरा बहुधा वयस्क असतो. गुडघे धरल्यामुळे तो रोज वेदनाशामक गोळी घेतो, त्या गोळीने पोटात आग पडते, आणि म्हणून पोटाला न बाधणारे असे काही झाडपाल्याचे औषध त्याला हवे असते. दुकानदार पुडी बांधून देतो. पुष्कळांना गुण येतो असेही ऐकू येते.

परंतु गुण आला म्हणजे नेमके काय झाले? पोटातील व्रण भरून आला, की नुसते दुखणे थांबले? दुखणे औषधाने थांबले, की ते आपोआपच थांबावयाचे होते? आणि औषध पोटाला निववीत असता शरीरात अन्यत्र काही बिघाड तर करीत नाही ना? हे प्रश्न साधे दिसतात, पण त्यांची उत्तरे काढण्यासाठी एक स्वतंत्र शास्त्र उभे राहावे लागले. ज्येष्ठमध ही या शास्त्राच्या कसोटीवर पुनःपुन्हा घासली गेलेली वनस्पती आहे. काही परीक्षांत ती उत्तीर्ण झाली, काहींत नापास झाली, आणि एका परीक्षेत तिने परीक्षकांनाच काही नवे शिकविले. म्हणून तिची हकीकत जाणून घेण्यासारखी आहे.

प्रथम व्रण म्हणजे काय ते पाहावे. अन्न पचविण्यासाठी जठर जे आम्ल निर्माण करते ते इतके तीव्र असते की त्याने मांसाचा तुकडाही विरघळतो. असे असता जठर स्वतःलाच पचवून टाकीत नाही, कारण त्याच्या आतील अस्तरावर चिकट बुळबुळीत स्रावाचा थर पसरलेला असतो. अस्तराच्या पेशी आम्ल मारून टाकणारा क्षार त्या थरात सोडीत असतात, आणि जुन्या पेशी झडून त्यांच्या जागी नव्या पेशी सतत येत असतात. एकीकडे आम्लाचा हल्ला आणि दुसरीकडे अस्तराचा बचाव, असा हा नित्याचा समतोल असतो. तो बिघडला की अस्तराला खड्डा पडतो. तोच जठरव्रण, म्हणजे अल्सर. जठराच्या पुढील आतड्याच्या आरंभी, ग्रहणीतही, तो होतो. व्रणातून रक्तस्राव झाला किंवा त्याने जठराची भिंत भेदली तर प्राणावर बेतते. सर्वांत मोठी फसगत अशी की, व्रणाच्या वेदना मधूनमधून आपोआप थांबतात. वेदना थांबली म्हणजे व्रण भरला, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

वेदना आणि व्रण यांचे नाते याहूनही गुंतागुंतीचे आहे, आणि ते एका वृक्षानेच उघडकीस आणले. इंग्लंडमधील एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकाने विलो वृक्षाच्या सालीची पूड हिवतापासारख्या तापाने आजारी असलेल्या सुमारे पन्नास माणसांना देऊन पाहिली आणि १७६३ साली आपले अनुभव रॉयल सोसायटीला कळविले. पुढे १८२८ मध्ये म्यूनिक येथे बुखनर यांनी या सालीतून सॅलिसिन नावाचे कडू द्रव्य वेगळे काढले. त्याच्याच कुळातील अॅसिटिल सॅलिसिलिक आम्ल बायर कारखान्यातील फेलिक्स हॉफमन यांनी १८९७ साली शुद्ध स्वरूपात तयार केले. ते अॅस्पिरिन या नावाने जगभर पोहोचले. ताप, डोकेदुखी, सांधेदुखी यांवर तो जणू रामबाण उपाय ठरला. परंतु १९३८ साली लंडनमधील डाउथवेट आणि लिंटॉट या डॉक्टरांनी अॅस्पिरिन घेतलेल्या रुग्णांच्या जठरात दुर्बिणीने डोकावून पाहिले, तेव्हा आतील अस्तर लालबुंद झालेले दिसले. वेदना शमविणारे औषधच पोटाला जखमी करीत होते.

असे का होते, याचा उलगडा १९७१ साली जॉन व्हेन यांनी केला. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये ठिकठिकाणी तयार होतात. सुजलेल्या सांध्यात ती वेदना तीव्र करतात, तर जठरात तीच द्रव्ये बुळबुळीत थर वाढवून अस्तराचे रक्षण करतात. अॅस्पिरिन ती तयारच होऊ देत नाही. त्यामुळे सांध्याला आराम पडतो आणि जठराचे चिलखत पातळ होते. या संशोधनाबद्दल व्हेन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते त्यांनी बेर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएल्सन यांच्याबरोबर वाटून घेतले. वनस्पतींच्या परीक्षकांनी यातून एक मोठा धडा घेतला. एखादा अर्क वेदना कमी करतो असे आढळले की, तो जठराचे काय करतो हे लगेच पाहिले पाहिजे. विलोची साल हीही वनस्पतीच होती. ‘झाडपाल्याचे म्हणून निर्धोक’ हा समज पहिल्याच उदाहरणाने खोटा ठरला आहे.

अशा अर्काची परीक्षा होते कशी? पहिली पायरी ओळखीची आहे आणि ती सर्वांत दुर्लक्षित असते. ज्येष्ठमधाची झुडपे इराण, अफगाणिस्तान, मध्य आशिया अशा प्रदेशांत वाढतात आणि भारतातील बाजारात येणारा बराचसा माल बाहेरून येतो. इकडे कुंपणावर चढणाऱ्या गुंजेच्या वेलीचा पालाही गोड लागतो. विडा खाणाऱ्या शौकिनांना तो परिचित आहे. गुंजेचे मूळ ज्येष्ठमधाच्या ऐवजी खपविले गेल्याचे प्रकार जुन्या औषधिग्रंथांत नमूद आहेत. त्याच गुंजेचे लाल-काळे बी मात्र जहरी आहे. तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञाने नमुना ओळखून तो जपून ठेवल्याशिवाय पुढील सर्व प्रयोग निरर्थक ठरतात. जात ओळखूनही भागत नाही. कच्च्या केळ्याची पूड उंदरांच्या जठराला अॅस्पिरिनच्या व्रणांपासून वाचविते, असे १९८४ साली इंग्लंडमध्ये झालेल्या प्रयोगांत आढळले. भारतीय संशोधकांनी केळ्याच्या या गुणाकडे १९६० च्या दशकाच्या आरंभीच लक्ष वेधले होते. परंतु तो गुण भाजीच्या कच्च्या केळ्यात होता, फळ म्हणून खावयाच्या पिकलेल्या केळ्यात तो आढळला नाही. जात, पक्वता, ऋतू, वाळविण्याची रीत यांपैकी एक गोष्ट बदलली तरी औषध बदलते.

दुसरी पायरी अर्क काढण्याची. वाळलेल्या भागाची पूड करून ती पाण्यात, मद्यार्कात किंवा अन्य द्रावकात भिजवितात, गाळतात आणि द्रावक उडवून लावतात. मागे जो गाळ उरतो तोच अर्क. पाण्यात जे उतरते ते मद्यार्कात उतरतेच असे नाही. घरी पाण्यात काढा करून घेण्याची वनस्पती प्रयोगशाळेत मद्यार्काने काढून तपासली, तर दोन निराळ्या वस्तूंची तुलना केल्यासारखे होते. त्यानंतर त्या अर्काची मात्रा वाढवीत नेऊन तो कोठे विषारी होतो ते पाहावे लागते. लखनौ येथे १९५१ साली केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली. तेथे हजारो भारतीय वनस्पतींचे अर्क याच क्रमाने तपासले गेले, आणि बहुतेक अर्क पहिल्या काही चाळण्यांतच मागे पडले. तसे होणे हा चाळणीचा दोष नव्हे, उद्देशच तो असतो.

तिसरी पायरी प्राण्यांवरील प्रयोगांची. फिलाडेल्फियाच्या हॅरी शे यांनी १९४५ साली एक पद्धत रूढ केली. उपाशी ठेवलेल्या उंदराला भूल देऊन त्याच्या जठराचा खालचा दरवाजा दोऱ्याने बांधतात. जठररस साचत जातो, आणि काही तासांनी जठर उघडून रस किती, त्याचे आम्ल किती आणि अस्तरावर व्रण किती याची मोजदाद करतात. दुसऱ्या पद्धतीत उंदरांना तीव्र मद्यार्क पाजतात. तिसरीत अॅस्पिरिन किंवा इंडोमेथॅसिन देतात, तर चौथीत प्राण्याला थंडीत जखडून ठेवतात, म्हणजे मानसिक ताणाने होणाऱ्या व्रणासारखे व्रण पडतात. प्रत्येक पद्धत वेगळा प्रश्न विचारते. पहिलीत यशस्वी ठरलेला अर्क आम्ल कमी करीत असावा; मद्यार्काविरुद्ध यशस्वी ठरलेला अर्क अस्तराचे रक्षण करीत असावा. म्हणून एकाच पद्धतीच्या आधारे ‘हा अर्क व्रणनाशक आहे’ असे म्हणणे म्हणजे एकाच विषयाच्या गुणांवरून विद्यार्थ्याला पदवी देण्यासारखे आहे.

येथे फसव्या जागा पुष्कळ आहेत. तुरट द्रव्ये अस्तरावरील प्रथिने आकसवून एक कवच बनवितात. त्यामुळे पुष्कळशा तुरट साली मद्यार्काच्या प्रयोगात चमकतात. त्याहून विलक्षण गोष्ट १९७० च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आली. अस्तराला किंचित झोंबणारे कोणतेही सौम्य द्रव्य आधी दिले, तर जठर सावध होऊन प्रोस्टाग्लँडिन वाढविते आणि पाठोपाठ येणाऱ्या जहाल मद्यार्कापासून स्वतःला वाचविते. म्हणजे अर्काच्या अंगी काही औषधी गुण नसून तो नुसता झोंबरा असला, तरीही तो औषध म्हणून उत्तीर्ण होऊ शकतो! यासाठी प्रत्येक प्रयोगात एका गटाला नुसते पाणी, दुसऱ्याला ज्याचा परिणाम पूर्वीपासून माहीत आहे असे औषध आणि उरलेल्यांना अर्काच्या चढत्या मात्रा देतात. मात्रेबरोबर परिणामही वाढत गेला तरच विश्वास ठेवावयाचा. शिवाय व्रण मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातील हे माहीत नसावे लागते, कारण आशेने पाहणाऱ्या डोळ्यांना व्रण लहान दिसतात.

वेदनेची परीक्षा आणखी अवघड, कारण उंदराला ‘किती दुखते’ असे विचारता येत नाही. त्याच्या वागण्यावरूनच अंदाज बांधावा लागतो. साधारण ५५ अंश तापलेल्या पत्र्यावर ठेवलेला उंदीर पाय किती वेळाने चाटतो किंवा उडी मारतो ते घड्याळाने मोजतात. १९४१ साली डी’आमूर आणि स्मिथ यांनी शेपटीवर प्रकाशाचा झोत सोडून ती झटकण्याचा वेळ मोजण्याची युक्ती काढली. या दोन्ही परीक्षा प्रामुख्याने मॉर्फिनसारख्या, मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करणाऱ्या औषधांच्या आहेत. अॅस्पिरिनच्या जातीची औषधे त्यांत फिकी पडतात. त्यांच्यासाठी पोटात पातळ अॅसिटिक आम्ल टोचून उंदीर किती वेळा पिळवटतो ते मोजण्याची रीत आहे. पंजात फॉर्मॅलिन टोचले तर वेदना दोन टप्प्यांत येते, पहिली लगेच आणि दुसरी सूज येऊ लागल्यावर. मॉर्फिन दोन्ही टप्पे दाबते, अॅस्पिरिन मुख्यतः दुसरा. त्यावरून अर्क कोणत्या वाटेने काम करतो याचा सुगावा लागतो.

याही परीक्षेत खोटे यश मिळते. अर्काने उंदराला गुंगी आली किंवा त्याचे स्नायू ढिले पडले, तर तो पिळवटणार नाही की उडी मारणार नाही. वेदना मात्र तशीच राहील. म्हणून असा अर्क दिलेला उंदीर फिरत्या दांडीवर तोल सावरू शकतो की नाही हे निराळे तपासतात. मुक्या जनावरांना दिलेल्या या क्लेशांचे समर्थन एवढेच की, त्यांतून मिळणारे उत्तर खरे असावे. नीट योजना न करता केलेला प्रयोग निरुपयोगी असतो, आणि निर्दयही. भारतात १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये अशा प्रयोगांवर देखरेख असते. आवश्यक तेवढेच प्राणी घ्यावेत आणि त्यांचे हाल कमीत कमी व्हावेत असा दंडक आहे.

इतके सर्व पार पडले तरी उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदराचे व्रण काही तासांत पडतात आणि भरूनही येतात. माणसाचा व्रण महिनोन्महिने, वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो. खरी परीक्षा रुग्णाच्या उशाशीच व्हावयाची असते, आणि ज्येष्ठमधाची खरी कथा येथेच सुरू होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराची गोष्ट. नेदरलँड्समधील हेरेनवेन या लहानशा गावी एका औषधविक्रेत्याने बनविलेले ज्येष्ठमधाचे मिश्रण पोटदुखीवर लोकप्रिय होते. रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी या लोकमताची थट्टा केली नाही आणि ते तसेच खरेही मानले नाही. त्यांनी जठरव्रणाच्या रुग्णांना ज्येष्ठमधाचा घट्ट अर्क दिला आणि १९४६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णांना बरे वाटत होते. परंतु सुमारे पाचांपैकी एकाच्या तोंडावर व पायांवर सूज येत होती, डोके दुखत होते, दमही लागत होता. अर्क थांबविला की सूज उतरे. रेव्हर्स यांनी गुणाबरोबर दोषही तितक्याच प्रामाणिकपणे नोंदविला, आणि त्या दोषाच्या नोंदीतूनच पुढचे ज्ञान निघाले.

आम्स्टरडॅम येथे बोर्स्ट यांच्या सहकाऱ्यांनी या सुजेचा माग काढला. ज्येष्ठमधाच्या अर्काने शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते, पोटॅशियम मात्र लघवीवाटे गमावते व रक्तदाब चढतो, असे त्यांनी १९५० साली दाखविले. मूत्रपिंडावरील ग्रंथींतून पाझरणाऱ्या एका संप्रेरकाचा परिणाम नेमका असाच असतो. ज्यांच्या या ग्रंथी दुबळ्या झालेल्या असतात अशा, अॅडिसनच्या विकाराने आजारी असलेल्या काही रुग्णांना तर हा ‘दोष’ उपकारकच ठरला. एकाला जे विष, ते दुसऱ्याला औषध कसे, याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल.

दरम्यान लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञांनी ज्येष्ठमधाच्या गोडीच्या मुळाशी असलेल्या आम्लापासून कार्बेनॉक्झोलोन नावाचे औषध बनविले. त्याची परीक्षा घेणाऱ्यांत रिचर्ड डॉल होते. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध सिद्ध करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, तेच हे डॉल. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या या परीक्षेत काही रुग्णांना खरे औषध व काहींना तसेच दिसणारे निर्गुण औषध दिले गेले. आपल्याला काय मिळाले हे रुग्णाला ठाऊक नव्हते. व्रणाचा आकार क्ष-किरणांच्या छायाचित्रावर मोजला गेला. रुग्णाच्या ‘बरे वाटते’ या शब्दावर निकाल सोडला नाही. ही खबरदारी अत्यावश्यक होती, कारण निर्गुण गोळी घेणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांचे व्रण काही आठवड्यांत आपोआप भरून येतात. ज्याला तुलनेचा गट नाही तो वैद्य असो वा डॉक्टर, या आपोआप बऱ्या होणाऱ्यांचे श्रेय तो आपल्याच औषधाला देतो, आणि तेही अगदी सद्भावनेने.

निकाल ज्येष्ठमधाच्या बाजूने लागला. कार्बेनॉक्झोलोन घेणाऱ्यांचे जठरातील व्रण अधिक लवकर लहान झाले. ग्रहणीतील व्रणांत मात्र तसा लाभ दिसला नाही. आम्ल कमी न करता अस्तराचा बचाव बळकट करून व्रण भरणारे औषध म्हणून ते काही वर्षे वापरातही राहिले. परंतु सूज, वाढता रक्तदाब आणि पोटॅशियमची घट यांनी त्याची पाठ सोडली नाही. ज्येष्ठमधातील हे त्रासदायक द्रव्य काढून टाकून उरलेला अर्क द्यावा, असाही एक प्रयत्न झाला. सूज टळली, पण तुलनेच्या गटासह घेतलेल्या परीक्षांत व्रण भरण्याच्या बाबतीत तो निर्गुण गोळीहून खात्रीने सरस ठरला नाही. १९७६ साली ब्रिटनमध्ये सिमेटिडिन हे आम्लच कमी करणारे प्रभावी औषध आले, आणि कार्बेनॉक्झोलोन हळूहळू मागे पडले.

सुजेचे कोडे अखेरीस १९८७ साली सुटले. कॉर्टिसॉल हे संप्रेरक मूत्रपिंडात मीठ धरून ठेवण्याचा हुकूम देऊ शकते; परंतु तेथील एक विकर त्याला वेळीच निष्क्रिय करते. ज्येष्ठमध त्या विकरालाच अडवून धरते. पहारेकरी झोपविला की चोराला मोकळे रान मिळते, तसा हा प्रकार. एका खेड्यातील पोटदुखीच्या औषधाचा पाठपुरावा करता करता रक्तदाबाच्या शास्त्रात अशी मोलाची भर पडली.

तोपर्यंत व्रणाच्या कारणाविषयीची कल्पनाच बदलू लागली होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना व्रणग्रस्त जठरांच्या नमुन्यांत वळणदार जंतू दिसत होते. १९८२ साली बॅरी मार्शल यांच्यासह त्यांनी ते प्रयोगशाळेत वाढविले. ईस्टरच्या सुटीमुळे बशा नेहमीपेक्षा अधिक दिवस तशाच राहिल्या आणि त्यामुळेच हे सावकाश वाढणारे जंतू दृष्टीस पडले. १९८४ साली मार्शल यांनी ते स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला व आपले म्हणणे पटवून दिले. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे या जंतूचे नाव. दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज असे मानले जाते की बहुतेक व्रणांच्या मुळाशी एक तर हा जंतू असतो, नाही तर वेदनाशामक गोळ्या. या जंतूला १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात घातले. तेव्हा नुसती जळजळ थांबविणारे औषध वर्षानुवर्षे घेत राहणे म्हणजे घरात वाळवी असता भिंतीला रंग देत राहणे होय.

मग वनस्पतींनी हा जंतू मरतो का? बशीत पुष्कळ अर्कांनी मरतो. लसणानेही मरतो. परंतु १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात जंतुबाधित माणसांना जेवणाबरोबर ताजा लसूण दिला, तेव्हा त्यांच्या जठरातील जंतूंवर काहीच परिणाम झाला नाही. त्याच माणसांत बिस्मथाचा परिणाम मात्र दिसला. त्याच प्रयोगात तिखट मिरच्याही निष्फळ ठरल्या. मिरचीची गोष्ट निघालीच आहे तर हेही सांगावयास हवे की, तिच्यावरील व्रण चिघळविल्याचा आरोपही दिल्लीच्या डॉक्टरांनी तपासून पाहिला. ग्रहणीव्रणाच्या निम्म्या रुग्णांच्या आहारात रोज ३ ग्रॅम लाल तिखट घातले आणि निम्म्यांना ते वर्ज्य केले. व्रण भरण्यात दोन गटांत फरक पडला नाही. हा निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाला. लोकसमजुतीची परीक्षा घेतली तर ती कधी खरी ठरते, कधी खोटी. न घेता मात्र यांतले काहीच कळत नाही.

हे सर्व वाचून वनौषधींविषयी निराशा वाटण्याचे कारण नाही. पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या परीक्षेत गुडघेदुखीच्या ४४० रुग्णांना २४ आठवडे औषधे देण्यात आली. काहींना सुंठ, गुळवेल, आवळा, सालईचा डिंक यांच्या अर्कांची आयुर्वेदीय मिश्रणे, काहींना सेलेकॉक्सिब हे आधुनिक वेदनाशामक आणि काहींना ग्लुकोसामिन. कोणाला काय मिळाले हे ना रुग्णाला माहीत होते, ना तपासणाऱ्याला. वनौषधी आधुनिक औषधाच्या तोडीस उतरल्या. परंतु ही मिश्रणे घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात यकृताला धक्का पोहोचल्याची खूण दिसली. त्यांना बाहेरून काही त्रास जाणवत नव्हता. औषध थांबविल्यावर ती खूण नाहीशी झाली. रक्त तपासले नसते तर हे कोणाच्या लक्षातही आले नसते. रेव्हर्स यांच्या रुग्णांची सूज निदान डोळ्यांना दिसत तरी होती.

आता पुन्हा पेठेतील त्या तिसऱ्या ग्राहकाकडे वळावे. त्याच्यासाठी या साऱ्या संशोधनाचा निष्कर्ष फार मोठा नाही, पण उपयोगाचा आहे. घसा बसला असता ज्येष्ठमधाची काडी अधूनमधून चघळण्यात सहसा धोका नाही. परंतु रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंड यांचा विकार असलेल्यांनी, लघवी वाढविणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ते रोज घेऊ नये. निरोगी माणसानेही त्यातील गोड द्रव्य नित्य घ्यावयाचे तर दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे, असा युरोपीय तज्ज्ञांचा २००३ सालचा सल्ला आहे. सांधेदुखीची पुडी चमत्कारासारखा गुण देऊ लागली तर अधिकच सावध व्हावे; अशा निनावी चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नमूद आहेत. शौचाला डांबरासारखे काळे होणे, उलटीत रक्त पडणे, वजन उतरणे, ही लक्षणे दिसली तर कोणत्याही पुडीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. आणि व्रण जंतूमुळे असेल तर दहा ते चौदा दिवसांच्या उपचाराने तो बहुधा कायमचा बरा होतो, हे ध्यानात ठेवावे. आधीच्या पिढ्यांना हे भाग्य नव्हते.

आजीने दिलेली काडी खोटी नव्हती. तिच्यात गुण होता आणि दोषही होता. दोन्ही वेगळे करून मोजण्याचे साधन मात्र आजीजवळ नव्हते. ते साधन आज उपलब्ध आहे. परंपरेने कोठे शोधावे ते सांगितले, काय सापडले ते परीक्षेने सांगितले. या दोहोंपैकी एकाचेच ऐकणारा रुग्ण दुसऱ्याकडून मिळणाऱ्या लाभाला मुकतो, आणि त्याची किंमत त्याच्याच जठराला मोजावी लागते.